शिकागोची मापपट्टी आणि तिचे परदेशी विद्यार्थी



महाराष्ट्रातील बी.एड. महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट घोटून घेतली जात आली आहे. प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी संविधान तक्ता करायचा. ज्ञानाला इतके गुण, आकलनाला इतके, उपयोजन आणि कौशल्य यांना इतके. हा तक्ता आला कोठून, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

त्याचे मूळ शिकागो विद्यापीठात आहे. तेथील प्राध्यापक बेंजामिन ब्लूम यांचे शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण 1956 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले. परीक्षापद्धतीवर त्यांनी ठिकठिकाणी कार्यशाळा घेतल्या. 1958 मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला आणि भारतीय मूल्यमापन अधिकाऱ्यांची एक तुकडी प्रशिक्षणासाठी ब्लूम यांच्याकडे शिकागोला गेली. स्वतंत्र होऊन अवघे दशक लोटलेल्या, अन्नधान्याची चिंता वाहणाऱ्या देशाने परीक्षेच्या शास्त्रासाठी माणसे समुद्रापार धाडली, ही दूरदृष्टी लहान नव्हे. वजनमापांचा केंद्रीय कायदाही 1956 चाच. पायली आणि शेर यांचे माप गावागणिक बदलत होते; ते देशभर एक करण्याचा तो काळ होता.

धान्याचे माप एक झाले. गुणांचे झाले काय?

याच शिकागोत या कथेचा दुसरा धागा सुरू होतो. 1960 मध्ये गिऑर्ग राश नावाचे डॅनिश गणिती तेथे व्याख्याने देण्यासाठी आले. विषय अवघड, श्रोते एकेक करून गळाले आणि शेवटी बेंजामिन राईट हा एकच प्राध्यापक उरला, असे सांगतात. राईट मूळचे भौतिकशास्त्राचे, म्हणजे मोजमापाच्या शिस्तीत वाढलेले. राश यांचा विचार त्यांना पटला. सोप्या प्रश्नपत्रिकेत 80 गुण मिळवणारा मुलगा अवघड प्रश्नपत्रिकेत 60 मिळवणाऱ्यापेक्षा हुशार ठरतोच असे नाही. म्हणून प्रश्नाची काठिण्यपातळी आणि विद्यार्थ्याची क्षमता ही दोन्ही एकाच पट्टीवर मांडावीत. मग मुले वेगळी असोत वा प्रश्न वेगळे, तुलना न्याय्य होते. राईट यांनी हे शास्त्र शिकागोच्या मापन, मूल्यमापन आणि सांख्यिकी विश्लेषण या अभ्यासक्रमात रुजवले.

तो शिकण्यासाठी परदेशांतून विद्यार्थी आले. त्यांत ऑस्ट्रेलियाचे नाव ठळक दिसते. डेव्हिड अँड्रिच 1973 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या उत्तरांचे शास्त्रशुद्ध मापन कसे करावे, हे त्यांनी 1978 मध्ये मांडले. जेफ मास्टर्स यांनी 1982 मध्ये अंशतः बरोबर उत्तराच्या गुणदानाचे प्रतिमान दिले. गणिताच्या दोन पायऱ्या बरोबर आणि तिसरी चुकली, तर त्या दोन पायऱ्यांचे मोल नेमके किती, हा प्रत्येक शिक्षकाच्या घरचा प्रश्न त्यांनी सोडवायला घेतला. रेमंड अ‍ॅडम्स हे त्याच परंपरेतले. मार्क विल्सन हेही ऑस्ट्रेलियाचेच. ते मात्र अमेरिकेतच बर्कलेला स्थिरावले. विद्वत्तेचा ओघ एकाच दिशेने वाहतो असे नाही.

जे परतले, त्यांना घरी उभे राहायला जागा होती, हे अधिक महत्त्वाचे. मेलबर्नची ऑस्ट्रेलियन कौन्सिल फॉर एज्युकेशनल रिसर्च ही संस्था 1930 पासूनची. मास्टर्स 1998 मध्ये तिचे प्रमुख झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही जागतिक चाचणी 2000 मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या पाचही फेऱ्यांचे नेतृत्व याच संस्थेने केले आणि अ‍ॅडम्स त्या प्रकल्पाचे आंतरराष्ट्रीय संचालक होते. शिकण्यास गेलेल्यांच्या देशाकडे जग मोजून घेण्यासाठी येऊ लागले!

शिकागोहून परतलेल्या आपल्या तुकडीनेही काम केले. संविधान तक्ता, वस्तुनिष्ठ प्रश्न, प्रश्नपेढी ही त्या प्रयत्नांचीच फळे. परंतु ते ज्ञान मंडळांच्या यंत्रणेत शिरले आणि तेथे त्याचा नमुना-अर्ज झाला. ‘उपयोजन’ या रकान्यात मार्गदर्शिकेतला पाठ केलेला प्रश्न बसू लागला. तक्ता राहिला, त्यामागचे संशोधन आटले.

याचा हिशेब पुढे चुकता झाला. ‘पिसा’च्या 2009 च्या फेरीच्या विस्तारात तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश सहभागी झाले. वाचनात तमिळनाडूचे गुण 337, हिमाचलचे 317. सहभागी प्रगत देशांची सरासरी होती 493. चौऱ्याहत्तर सहभागींच्या यादीत आपल्या दोन राज्यांच्या खाली केवळ किर्गिझस्तान उरले. प्रश्नांतील संदर्भ आपल्या मुलांना परके आहेत, असे कारण देण्यात आले आणि पुढच्या फेऱ्यांतून भारत बाहेर राहिला. आक्षेपात अजिबात तथ्य नाही असे नाही. परंतु प्रश्न परका असेल, तर तो आकड्यांनी सिद्ध करून दाखवण्याची रीत त्याच शास्त्रात आहे. ती वापरायला आपल्याकडे पुरेसे जाणकार हवे होते.

घरोघरच्या पालकांनाही ही उणीव जाणवते. 2019 पासून जेईई मेनचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. आपल्या मुलाची सकाळची पाळी अवघड होती की दुपारची सोपी, या विचाराने आईबापांची झोप उडते. पर्सेंटाइल सांगतो तो त्या पाळीतल्या इतरांच्या तुलनेतला क्रम. दोन्ही पाळ्यांतली मुले सारख्याच कुवतीची होती, हे गृहीत धरूनच.

शिकागो विद्यापीठाचा शिक्षणविभाग 2001 मध्ये बंद झाला. ब्लूम 1999 मध्ये गेले, राईट 2015 मध्ये. मूळ विहीर आटली, पण पाणी दूरच्या शेतांत पोहोचले होते. भारतात राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात प्रश्नांच्या काठिण्यावर आधारलेली ही पद्धत आता आली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार 2023 मध्ये ‘परख’ हे राष्ट्रीय मूल्यांकन केंद्र एनसीईआरटीत सुरू झाले आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याने देशव्यापी सर्वेक्षण केले. देशातील शालेय मंडळांमध्ये समतुल्यता आणणे, हेही त्याच्या कामातच येते. पुण्याच्या दहावीचे 80 टक्के आणि पाटण्याच्या दहावीचे 80 टक्के एकाच पट्टीवर वाचायचे, तर त्यासाठी जिल्हा-जिल्ह्यातून गणित आणि शिक्षणशास्त्र दोन्ही जाणणारी तरुण माणसे लागतील. बी.एड. झालेल्या, सांख्यिकीची गोडी असलेल्या आपल्या घरातल्या मुलामुलींना या क्षेत्राचे नाव तरी ठाऊक आहे का?