पांझरेकाठचे फड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माहेरच्या मुलखाविषयी बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे माहेर साक्री तालुक्यातले, पांझरा नदीच्या काठी. खानदेश म्हटला की बायका मला शेवेची भाजी नि वांग्याचे भरीत विचारतात. ते एखाद्या रविवारी करूनच घालीन. आज पाण्याविषयी बोलते, कारण माझ्या आजीचे घर त्याच्यावर तगले.

आमच्याकडे पाऊस बेताचा. पण पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुन्या लोकांनी बंधारे बांधले. काही तर तीन-चारशे वर्षांपूर्वीचे. बंधाऱ्यातून पाट निघतो. त्या पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडलेले, त्या एकेका भागाला फड म्हणायचे. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. यात ऊस, त्यात गहू, पलीकडे भात. पुढच्या वर्षी फेरपालट. बहुतेकांचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी आले तर एखादा फडच्या फड पडीक ठेवायचा, म्हणजे ओढ सगळ्यांनाच सारखी! पाणी सोडणार तो पाटकरी. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाट फोडायचा नाही. पिकाची राखण जागल्याकडे. दोघांना मोबदला धान्यात मिळे.

माझी आजी सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी तीन लेकरे, दीड एकर जमीन, तीही तीन ठिकाणी. भाऊबंद दांडगे. पण पाण्यासाठी तिला कुणाच्या दारी जावे लागले नाही. पाटलाच्या वाफ्यात पाणी गेले तसेच तिच्या वाफ्यात आले. विहीर खणायची तिची ऐपत नव्हती; फड नसता तर जमीन कधीच भाऊबंदांच्या घशात गेली असती.

मात्र पंच बसत तिथे तिला बोलावणे नसे. पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जाई, तेव्हा आजीच पदर खोचून जायची. गाळ काढायला बाई चालते आणि पंचांत चालत नाही, हे मला कधी पटले नाही. तेवढे सांगितल्याशिवाय फडाची स्तुती करवत नाही.

आमचा मोठा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकीला अहिराणीत आंडेर म्हणतात; त्या दिवशी साऱ्या आंडेरी माहेरी येतात. झाडांना झोके, खापरावरचे मांडे, आमरस. पितरांसाठी पाण्याने भरलेली घागर पुजायची, तिच्यावर डांगर ठेवायचे, म्हणजे खरबूज. भर वैशाखात पितरांना द्यायचे तेही पाणीच!

पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली, ज्याची ऐपत त्याने विहीर खणली, इंजिन बसवले. ज्याची विहीर त्याचे पाणी. काही बंधाऱ्यांवर फड अजून चालतो. आमच्या आळीतल्या लोकांनी तो सोडला. माझ्या भावाने दोन बोअर घेतले. एक कोरडा गेला, दुसरा होळीपर्यंत चालतो. आजीचा दीड एकर अजून घरात आहे. यंदा त्यात हरभरा होता, त्यातला पायलीभर भावाने मला पाठवला. आजच्या फराळाची उसळ त्याचीच आहे.