भायखळ्याच्या तुरुंगांतील होकार

नव्या औषधाची परीक्षा माणसावर केल्यावांचून पुरी होत नाहीं. हें माणूस कोण असावें, आणि त्यानें 'हो' कोणत्या परिस्थितींत म्हणावें, हा प्रश्न मुंबईला जुनाच आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग प्रगट झाला. ज्यांचें नांव परळच्या संस्थेला पुढें मिळालें, ते जंतुशास्त्रज्ञ हाफकिन कलकत्त्याहून येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजांत लशीच्या उद्योगाला लागले. प्लेगचे जंतु वाढवून उष्णतेनें मारावयाचे व तें द्रव्य शरीरांत टोंचावयाचें, ही त्यांची रीत. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं स्वतःलाच टोंचून घेतलें. ताप आला, उतरला. परंतु ही लस प्लेग टाळते कीं नाहीं, हें एवढ्यावरून कसें कळावें?

त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. ३० जानेवारीस सुमारें १५० बंदिवान टोंचून घेण्यास पुढें आले. त्यांहून कांहीं अधिक जण मागें राहिले. दोहोंचें अन्न एक, छप्पर एक. न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. टोंचलेल्यांत दोघांनाच झाला व दोघेही वांचले.

हिशेब बोलका आहे. पण त्या होकाराचें काय? ज्याला दार उघडून बाहेर जातां येत नाहीं, ज्याच्या शेजारचा सोबती काल उचलून नेला, त्याचें 'हो' कितपत त्याचें स्वतःचें? आणि ज्यांनीं टोंचून घेतलें नाहीं तेही परीक्षेंतून सुटले नाहींतच. त्यांच्या सहा मरणांवांचून लशीचा गुण इतका उघड झाला नसता.

आजच्या रुग्णाभोंवतीं तुरुंगाची भिंत नसते. पण विचारणारा बहुधा त्याचाच डॉक्टर असतो, आणि डॉक्टरांना नकार देणें आपल्याकडे उद्धटपणाचें समजतात. भारतांतील २०१९ च्या नियमांप्रमाणें अशा चाचणीला नीतिसमितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमति लागते, आणि वाटेल तेव्हां माघार घेण्याची त्याला मोकळीक असते. म्हणून सहीपूर्वीं विचारावें: नवें औषध खात्रीनें मिळणार, कीं चिठ्ठी दुसऱ्या गटांत पडूं शकेल? इजा झाल्यास उपचाराचा खर्च कोणाचा? नकार दिल्यास चालू उपचारांत कांहीं उणें पडेल काय?

तो कागद घरीं नेऊन, चार माणसांशीं बोलून, दोन दिवसांनीं उत्तर देण्याची सोय भायखळ्याच्या बंदिवानांना नव्हती. आजच्या रुग्णाला ती मागतां येते.