सीटखालचा प्लग
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



मास्तर मला म्हणाले, "मिस्त्री, सोप्या शब्दांत बोला." मला अवघड शब्द येतच नाहीत, तेव्हा ती काळजी नको. मुंबईत अंधेरीहून कुर्ल्याला रस्ता जातो, त्यावर साकीनाका लागतो. २०१४ सालापासून तिथे डोक्यावरून मेट्रो धावते. पण खालच्या गल्ल्यांत अजून गॅरेज आहेत, लेथ आहेत, जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथेच मी काम शिकलो.

काल तुमच्या गावात फिरलो. पाच-सहा ओम्नी गाड्या दिसल्या. दूध, भाजी, शाळेची पोरे, बाजारची माणसे, सगळे त्यांतूनच जाते. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून निघाली आणि २०१९ साली ती बनवणे बंद झाले. म्हणजे तुमच्या गाड्या आता जुन्याच होत जाणार. गाडी 'मिसिंग' करू लागली, चढाला धापा टाकू लागली, की तुम्ही ती तालुक्याला नेता. अख्खा दिवस मोडतो. पुष्कळदा दोष एवढाच असतो, की प्लग गेला आहे. तो घरी बदलता येतो. आज तेवढेच सांगतो.

चुलीत लाकडे रचली तरी काडी ओढावी लागते ना? इंजिनात पेट्रोल आणि हवा जाते. त्यांना पेटवणारी काडी म्हणजे प्लग. गाडी भरात असली की ही काडी मिनिटाला हजार-दीड हजार वेळा ओढली जाते. ओम्नीत तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. एक विझला की तिघांचे काम दोघांवर पडते.

पूर्वी आमच्या शेजारी, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनत असे. पुढे तिलाच पद्मिनी म्हणू लागले. तिचे बॉनेट उचलले की प्लग समोर दिसायचे. शिकाऊ पोरगाही ते बदली. ओम्नीचे तसे नाही. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचला, वाका, हात घाला. नजर पोचते तिथे हात पोचत नाही, आणि हात पोचतो तिथे नजर पोचत नाही. इथे काम बोटांनी ओळखून करावे लागते.

हे मी फार महागात शिकलो. तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. एका भाजीवाल्याची व्हॅन आली होती. उस्ताद चहाला गेले, आणि मी म्हटले, तोवर आपण प्लग बसवून टाकू. प्लग भोकात वाकडा गेला. फिरेना. मी लांब दांडी लावली आणि जोर केला. तो फिरला, पण आटे खाऊन फिरला. इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे, प्लग लोखंडी. लोखंडापुढे अ‍ॅल्युमिनियम म्हणजे लोणी. मग हेड उतरवले, लेथवाल्याकडे नेले, नवे आटे पाडून बुश बसवला. गाडी तीन दिवस उभी. त्या माणसाने तीन दिवस डोक्यावर टोपल्या वाहिल्या. उस्ताद मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचेच जास्त लागले.

तर आता नीट ऐका.

इंजिन थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यांत चांगली. गरम हेडमधून प्लग ओढला तर आटे त्याच्याबरोबर येतात. गॅसवर चालणारी गाडी असेल तर आधी टाकीची चावी बंद करा. वास येत असेल तर हातच लावू नका. बॅटरीची काळी वायर सोडवून ठेवा.

सीट उचलल्यावर वायरी दिसतील. सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, त्याचा प्लग बदला, वायर परत लावा, मग दुसरी. अदलाबदल झाली तर गाडी सुरू होणार नाही, आणि झालीच तर खोकत चालेल. वायर ओढू नका. तिचे रबरी टोपण धरा, थोडे पिळा, मग ओढा.

आता धूळ. आपल्या रस्त्यांची माती त्या भोकाभोवती साचलेली असते. प्लग काढला की ती सरळ सिलिंडरात पडेल आणि आतून घासत राहील. म्हणून आधी सायकलच्या पंपाने फुंकून काढा. डोळे तेवढे सांभाळा.

पाना प्लगवर सरळ बसला पाहिजे. तिरका बसला तर प्लगची पांढरी चिनीमाती तडकते. तडा केसाएवढा असतो, दिसत नाही, आणि मग नवा प्लगही मिसिंग करतो. सैल होत नसेल तर जोर करू नका. तेल सोडा, थांबा. तरी हलला नाही तर मिस्त्रीकडे न्या. त्यात कमीपणा नाही.

काढलेला प्लग पाहा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन खुशीत आहे. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलाने ओला असेल तर आत तेल उतरते. तिथे नुसता प्लग बदलून भागणार नाही.

त्याच प्लगवर बारीक अक्षरे आणि आकडे असतात. ते आता तुम्हांला वाचता येतात. दुकानात "ओम्नीचा प्लग द्या" एवढेच म्हणू नका. गाडीच्या पुस्तकातला नंबर आणि प्लगवरचा नंबर स्वतः ताडून पाहा. ज्याचे आटे लांब आहेत असा भलताच प्लग बसवला तर तो आत पिस्टनला आपटू शकतो. दुकानदार काहीही म्हणो, आकडा जुळला पाहिजे. टोकाजवळची फटही पुस्तकात दिलेली असते. ती पत्तीने मोजतात. हातातून खाली पडलेला प्लग मोजल्याशिवाय लावू नका.

बसवायचा कसा? पेट्रोलची रबरी नळी घ्या, वीतभर. तिच्यात प्लगचे वरचे टोक घट्ट अडकवा आणि नळीने प्लग भोकात सोडा. आधी उलटा, डावीकडे फिरवा. 'टक्' असे बोटाला जाणवेल. तिथे आट्याला आटा भेटला. मग उजवीकडे. प्लग वाकडा चालला तर नळी आपोआप घसरते, जोर लागतच नाही. सोळाव्या वर्षी माझ्या हातात दांडीऐवजी नळी असती तर!

हाताने पुरा बसेपर्यंत नळीच. शेवटी पाना. नव्या वायसरचा प्लग असेल तर अर्धा फेरा किंवा त्याहून थोडे जास्त. बस्स. घामाघूम व्हायचे नाही.

वायर टोपणासकट दाबून बसवा. सगळे झाल्यावर बॅटरी जोडा आणि गाडी सुरू करून ऐका. सीट खाली करताना तिची कडी लागल्याचा आवाज आला पाहिजे. ती विसरून गाडी हाकलणारे मी पाहिले आहेत.

बाहेर मास्तरांची ओम्नी उभी आहे. सकाळपासून सुरू केलेली नाही, इंजिन थंड आहे. पंप कुणाच्या तरी सायकलीला असेलच. नळी मी आणली आहे. पहिला प्लग कोण काढतो?