सायकलवरून सह्याद्री
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वेळ संपली की सचिव घंटा वाजवणार आहेत. तेव्हा थेट विषयाला हात घालते. आपल्या सोसायटीतले आम्ही सातजण गेली नऊ वर्षं दर हिवाळ्यात सायकली घेऊन घाटांत जातो. सर्वांत लहान अ विंगमधला अकरावीतला मुलगा, सर्वांत मोठे तळमजल्यावरचे काका, वय वर्षं ६८, आणि मधली मी, बँकेतून निवृत्त झालेली. "तुम्ही नक्की जाता तरी कुठे?" हा प्रश्न लिफ्टमध्ये इतक्या वेळा विचारला गेलाय, की आज एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकते.

आमचा सर्वांत आवडता फेरा असा: पुणे, भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, मांढरदेव, पुन्हा भोर आणि घर. साधारण सव्वातीनशे किलोमीटर, पाच दिवस. मुक्काम भोर, महाड, महाबळेश्वर आणि वाई इथे. मोटारीने हेच अंतर दोन दिवसांत आरामात होतं. पण चढावर सायकल ताशी आठ-नऊ किलोमीटरने चालते, आणि त्या वेगाला गावांच्या पाट्या वाचता येतात, माणसांशी बोलता येतं.

पहिल्या दिवशी कात्रजच्या नव्या बोगद्याकडे न जाता जुन्या घाटाने चढायचं. हमरस्त्यावर खेड-शिवापूर मागे टाकलं की पुढे कापूरहोळ येतं आणि तिथून उजवीकडे भोरचा फाटा लागतो. गाडीतून जाणाऱ्याला कापूरहोळ म्हणजे फक्त वळायची जागा. पण संभाजीराजांची दूधआई धाराऊ याच गावची. तिथे चहा घेताना मुलांना एवढं एक वाक्य सांगितलं तरी इतिहासाच्या पुस्तकातला धडा जिवंत होतो. भोर हे पंतसचिवांचं संस्थान. तिथला राजवाडा पुष्कळांनी सिनेमात पाहिलेला असतो, फक्त तो भोरचा हे ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने हिर्डोशीवरून वरंधा घाट. आपल्या बाजूने चढ मवाळ आहे, खरी उतरण कोकणाकडे. घाटमाथ्यावर वाघजाईचं देऊळ, भज्यांच्या टपऱ्या आणि भज्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं. इथला रस्ता कावळ्या किल्ल्याच्या मधून काढलेला आहे. आपण ज्या खिंडीत उभं राहून भजी खातो, ती एका किल्ल्याच्या अंगावरची चीर आहे.

खाली माझेरी. तिथे एका आजींच्या ओसरीवर आम्ही पाणी मागितलं. त्यांनी आधी आमच्या सायकली निरखल्या, मग विचारलं, "पुण्यासनं सायकलवर? का गं बाई, यष्टी बंद झाली काय?" आम्ही हसलो, त्याही हसल्या. मग म्हणाल्या, पोरं मुंबईला, सुना मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं, बाकीचे दिवस मी आणि म्हैस. निघताना प्रत्येकाच्या हातात मूठभर शेंगा दिल्या.

याच भागात समर्थांची शिवथरघळ आहे आणि याच महाड तालुक्यात तळिये गाव आहे. २२ जुलै २०२१ रोजी मुसळधार पावसात तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. ही गोष्ट मी समारंभात मुद्दाम सांगते आहे. आपण पुण्याहून जातो, हिरव्या डोंगरांचे फोटो काढतो, 'स्वर्ग' असं लिहून ग्रुपवर टाकतो. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारा माणूस जुलैच्या रात्री जागा असतो. तळिये कळल्यापासून आमच्या ग्रुपने दोन नियम केले. पावसाळ्यात या घाटांत जायचं नाही, घाट बंदचा आदेश निघालेला असेल तर अजिबातच नाही. आणि जेवण, चहा, केळी, मुक्काम, जे काही विकत घ्यायचं ते वाटेवरच्या गावांतच घ्यायचं. पुण्याहून डबे भरून न्यायचे नाहीत. आपलं ओझंही कमी होतं आणि चार पैसे तिथे राहतात.

महाडला संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह या तळ्याचं पाणी प्यायलं. दिवसभर घाटात तहानेने घसा कोरडा पडलेला असताना त्या पायऱ्यांवर बसलं, की पाणी नाकारणं म्हणजे काय ते पुस्तकाबाहेर कळतं. आमचा अकरावीतला मुलगा तिथे बराच वेळ गप्प बसून होता.

तिसरा दिवस कसोटीचा. महाडहून पोलादपूरपर्यंत मुंबई-गोवा महामार्ग आहे, तो पहाटेच उरकायचा. पोलादपूरहून महाबळेश्वर चाळीस किलोमीटर, आणि चढ जवळजवळ तेराशे मीटरचा. हा आंबेनळी घाट, इंग्रजी अमलातला फिट्झगेराल्ड घाट. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, त्यांची समाधी तिथेच आहे. हातात वेळ असेल तर वाट वाकडी करून जरूर जावं.

वाडा कुंभरोशीला डावीकडे-उजवीकडे जावळीचं खोरं पसरलेलं दिसतं, आणि वर प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ ची लढाई आपल्याला पाठ आहे. पण ती याच जागी का झाली, हे पायडल मारल्याशिवाय समजत नाही. झाडी इतकी दाट, वळणं इतकी आवळ आणि चढ इतका सलग, की मोठी फौज, हत्ती, तोफा घेऊन आलेला माणूस इथे आधीच अर्धा दमलेला असणार. गडाखालच्या पार गावात कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल आहे. साडेतीनशे वर्षं पाण्याचे लोंढे सोसून तो उभा आहे. पुलावर सायकली टेकवून आम्ही त्याला अक्षरशः हात लावून नमस्कार केला.

चौथ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. गंमत अशी, की सावित्री आम्हाला महाडला भेटून झाली होती, कोयना पारला, आणि कृष्णा त्याच संध्याकाळी वाईला भेटणार होती. सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते, कृष्णा-कोयना कऱ्हाडला एकत्र येऊन पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातात. शाळेत नकाशात 'जलविभाजक' हा शब्द शिकलो होतो. तो पोटऱ्यांनी शिकायचा असतो.

पाचगणीजवळ भिलार आहे. २०१७ सालापासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जावं, बसून वाचावं. मग पसरणी घाटाची उतरण. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. वाईला ढोल्या गणपती आहेच, शिवाय मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून केलं. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. घाटावर टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. पाचव्या दिवशी मांढरदेवचा घाट चढून भोर आणि घर. फक्त पौष पौर्णिमेला काळूबाईची जत्रा असते, ते दिवस टाळावेत.

आता कामाच्या चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. महागडी सायकल लागत नाही, गिअर मात्र हलके हवेत. पुढचं चाक लहान दात्यांचं आणि मागचं मोठं, म्हणजे चढावर गुडघे वाचतात. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, तापतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करायचा आणि वळणात सोडायचा. हेल्मेट, मागचा लाल दिवा, दोन बाटल्या पाणी, दोन जादा ट्यूब. काकांना मधुमेह आहे. ते डॉक्टरांना विचारून, खिशात गुळाचे खडे ठेवून येतात, आणि चढावर सर्वांचा वेग त्यांचा असतो. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय कुणी पुढे निघत नाही, हा आमचा तिसरा नियम.

शेवटचा मुद्दा घरचा आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे, ब विंगमागचा सायकल स्टँड काढून तिथे दोन मोटारींची जागा करावी असा. पार्किंगची अडचण खरी आहे. ज्यांची गाडी रात्रभर रस्त्यावर उभी राहते त्यांचा त्रास मी नाकारत नाही. पण त्या स्टँडवर आज एकवीस सायकली आहेत, त्यांतल्या तेरा मुलांच्या. त्या चौथ्या मजल्यावर चढवून कुणी रोज चालवणार नाही. दोन गाड्यांची सोय होईल आणि एकवीस सायकली भंगारात जातील. माझी सूचना अशी: भिंतीला उभ्या अडकवायच्या कड्या बसवल्या, तर निम्म्या जागेत सगळ्या सायकली मावतात आणि एका मोटारीची जागा मोकळी होते. खर्चाचा अंदाज मी लेखी दिला आहे. मतदानाआधी तो वाचावा, एवढीच विनंती.

या डिसेंबरात पुन्हा निघतोय. ज्यांना फक्त भोरपर्यंत यायचंय त्यांनीही यावं, परत यायला एस.टी. आहे. नाव नोंदवायला माझ्याकडे या, चहा मिळेल.

घंटा वाजायच्या आत संपवलं.