चोंदलेले नाक आणि श्वासाचे यंत्र



घोरणारा माणूस गाढ झोपतो, हा आपला गोड गैरसमज. झोपेत माझा श्वास थांबायचा आणि आमच्या सौ. जाग्या राहून तो परत येण्याची वाट बघायच्या. एकदा जयस्तंभ चौकात सिग्नलवर स्कूटरवरच डुलकी लागली, तेव्हा तपासणी झाली. स्लीप ॲप्निया! तासाला ३५ वेळा श्वास अडत होता.

सीपॅप यंत्र आले. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा मिटू द्यायचा नाही, ही युक्ती ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केली.

पण रायपूरची धूळ आणि माझे नाक! नाक चोंदले की तोंड उघडायचे, हवा तिथून निसटायची. सकाळी घसा कोरडा, थकवा तसाच. रागाने यंत्र महिनाभर कपाटात ठेवले. चूक माझीच, हवा गळत असल्याचे यंत्राच्या पडद्यावर रोज दिसत होते.

डॉक्टरांनी झोपण्यापूर्वी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितले, शिवाय स्टिरॉइडचा स्प्रे. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात. नाक झटपट मोकळे करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपुढे नकोत, नाक उलट जास्त चोंदते. हवा दमट करणारे भांडे जोडले, तर एसीच्या गारव्याने नळीत पाणी गुडगुडू लागले! नळी पांघरुणात घेतली. फिल्टर आता दर रविवारी बघतो.

श्वास अडण्याचा आकडा ५च्या आत आला आहे. दुपारची पेंग कमी झाली, गेली नाही. स्कूटरची किल्ली अजून सौ.कडेच आहे.