पहिल्या पॅचची वाट



सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद रोह्याजवळच्या वरसे गावात कशाला, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. माझा प्रश्न उलटा आहे : इथे का नको? रोह्याची मुलं धाटावच्या कारखान्यांत जातात, तशीच पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतही जातात. ओपन सोर्सच्या दारात तर वॉचमनसुद्धा नाही. तरीही आत शिरणारी मुलं थोडीच. त्याचा दोष मी मुलांना देत नाही.

आपल्याला माणसं का हवीत, ते आधी सांगतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळी. ‘अ’वर अर्धचंद्र दिला की कित्येक प्रोग्राम मधेच ठिपक्यांचं वर्तुळ काढायचे; ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली. असल्या चुका मराठी वाचणाऱ्यालाच खुपतात. लोहित फॉन्टमध्ये मराठी वळणं आली, कारण रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात ती ओळखणारी माणसं होती. आज अशी चूक रोह्याच्या एखाद्या विद्यार्थिनीला दिसली, तर ती काय करेल? सोर्स उतरवून घेईल. सेटअपच्या सूचना तीन आवृत्त्यांपूर्वीच्या निघतील. बिल्ड अडेल. त्यातूनही तिने दुरुस्तीचा पॅच पाठवलाच, तर महिनोन्‌महिने उत्तर येणार नाही. ती पुन्हा फिरकणार नाही, आणि आपण ‘हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही’ म्हणून मोकळे!

लिब्रेऑफिसचं उदाहरण मला फार आवडतं. 2010 साली ते ओपनऑफिसपासून वेगळं झालं, तेव्हा ते सांभाळणाऱ्यांना नव्या हातांची निकड होती. त्यांनी ‘ईझी हॅक्स’ नावाची सोप्या कामांची यादी केली. त्या कोडचा जन्म जर्मनीतला, त्यामुळे आत हजारो टिपा जर्मन भाषेत पडून होत्या. त्या इंग्रजीत आणणं, हेही या यादीतलं एक काम. प्रोग्राम मोडायची भीती नाही, आणि तेवढ्यात सोर्स उतरवणं, बदल करणं, पाठवणं ही सगळी वाट माणूस एकदा चालून येतो. काम लहान होतं, बिनकामाचं नव्हतं.

याची उलटी बाजू 2020च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स मोहिमेत दिसली. चार पुल रिक्वेस्ट पाठवा, टी-शर्ट मिळवा! रीडमीत एखादं विशेषण घुसडलेल्या रिक्वेस्टींचा पूर आला, त्यात आपल्या देशातली मुलंही भरपूर होती. आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावे लागले. सोपं करायचं म्हणजे खिरापत वाटायची नव्हे. अशा पुरात प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरची रात्र जाते, आणि बहुतेकांना त्या रात्रीचे पैसेही मिळत नाहीत.

आता भाषेचा मुद्दा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाने ओपन सोर्सचे पाठ मराठीतही आणले. ‘बदल कसा पाठवावा’ हे पान आपल्या प्रकल्पांत मराठीत असायला कोणाची हरकत आहे? कोडमधली नावं खुशाल इंग्रजीत राहू द्या.

या सभागृहात जे प्रकल्प सांभाळतात, त्यांना एक विनंती. तुमचा प्रकल्प कधीही न पाहिलेल्या मुलाला शेजारी बसवा, सेटअपच्या सूचना त्याच्या हाती द्या आणि स्वतः गप्प राहा. तो अडेल तिथे सूचना दुरुस्त करा. आणि नवख्याच्या पहिल्या पॅचला आठवड्याच्या आत उत्तर द्या. नकार असला तरी कारणासकट द्या.