नको म्हटलं की नकोच



रेडिओवर बोलायला बोलावलंय म्हटल्यावर आई म्हणाली, "विमानाचं सांगत बसू नकोस. विमान सगळ्यांनी टीव्हीत बघितलंय. उपाशी राहिलीस ते सांग." ते सांगतेच, पण आधी पैशाचं सांगते, कारण पैसे तुमचे होते.

दहावीनंतर मी एक वर्ष जर्मनीत शाळेला होते. रोटरी क्लबचा यूथ एक्स्चेंज म्हणून कार्यक्रम आहे, 15 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी. इथलं मूल तिकडं जातं, बाहेरचं एखादं इकडं येतं. राहणं-जेवण तिथल्या कुटुंबात. ती माणसं त्याचे पैसे घेत नाहीत, आणि तिथला क्लब महिन्याला थोडा हातखर्चही देतो. गाडी चालवायची नाही, दारू नाही, नशा नाही, प्रेमप्रकरण नाही, असे नियम. आजीनं ते ऐकले आणि म्हणाली, "हे तर आपलेच!" पण तिकीट, विमा, व्हिसा हा खर्च आपला. आम्ही एक कालवड विकली, आणि कमी पडलेले 40 हजार गटानं कर्ज दिलं. त्या बैठकीत एका काकूंनी विचारलं होतं, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी दारात दिसते. पोरीला दिलं तर काय दिसणार?" मला राग आला होता. पण प्रश्न खोटा नव्हता.

तर, उपाशी राहण्याची गोष्ट. तिथं संध्याकाळी चूल पेटतच नाही म्हणा. जेवणाला नावच 'आबेंडब्रोट', म्हणजे संध्याकाळचा पाव. काळसर, जड पाव, लोणी, चीज, काकडी. पहिल्या दिवशी त्या घरच्या आईनं विचारलं, "अजून हवं?" मी आपली रीत धरून म्हटलं, "नको." आपल्याकडं नको म्हटलं तरी ताटात पडतं, दोनदा आग्रह होतो. तिनं पाव उचलला आणि कपाटात ठेवून दिला. असं चार-पाच दिवस चाललं. रात्री मी बॅगेतला चिवडा खात होते. शेवटी तिनं चिवड्याची पिशवी बघितली आणि ती खाली बसून रडवेली झाली, की माझ्या घरात पोरगी उपाशी झोपते. मग मला कळलं, तिनं माझ्या 'नको'चा मान ठेवला होता. हवं असेल तर हवं म्हणायचं. हे दोन शब्द शिकायला मला जर्मन भाषेपेक्षा जास्त वेळ लागला.

डिसेंबर मात्र वाईट गेला. चार-सव्वाचारला दिवस मावळतो. शाळेतून घरी पोचते तोवर अंधार. आईला फोन केला, मला परत यायचंय. आई थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ये. हप्ता मी भरीन." तिनं रागावून सांगितलं असतं तर मी आले असते. तसं म्हणाली म्हणून राहिले.

वर्गात मी मागं गप्प बसायची. तिथं बऱ्याच विषयांत वर्गात बोलण्याला जवळजवळ लेखी परीक्षेइतकं वजन असतं. गप्प बसणारं पोर नापासाच्या वाटेला लागतं. बाईंनी सांगितलं, तुझ्या गावाबद्दल काहीही बोल. मी मोडक्या जर्मनमध्ये आपल्या गटाबद्दल बोलले. दर महिन्याची बचत, वही, शिक्का, बैठकीला उशीर झाला तर दंड. एका मुलानं विचारलं, "गहाण काय ठेवता?" म्हटलं, काही नाही. एकीचं थकलं तर बाकीच्या नऊजणी उभ्या राहतात.

बाई हसल्या आणि म्हणाल्या, हे तर आमच्याकडचंच आहे. राइफआयझन नावाचा एक माणूस होता, गावचा कारभार बघणारा. शेतकरी सावकाराच्या व्याजात बुडत होते. त्यानं 1864 साली गावातल्याच लोकांची कर्जसंस्था काढली. एकमेकांना ओळखणारे सभासद, आणि देण्याला सगळे मिळून जबाबदार. त्याच्या नावाच्या बँका अजून तिथल्या गावांत आहेत, मी रोज एकीवरून जात होते आणि मला पत्ताच नव्हता. नंतर कळलं, आपल्या देशात 1904 साली सहकारी पतसंस्थांचा जो पहिला कायदा झाला, त्यातही याच गावसंस्थांचा नमुना समोर होता. म्हणजे आपली सोसायटी आणि ती बँक लांबच्या जाऊबाई निघाल्या.

आणि इकडं त्याच वर्षी आमच्या घरी ब्राझीलची मुलगी तीन महिने राहिली. तुम्ही तिला बघितलंय, हळदीकुंकवाला आली होती. आईनं तिला आग्रह करकरून वाढलं, तीही बिचारी नाही म्हणायला लाजायची. माझ्या उलट झालं तिचं. पोट बिघडल्यावर आईला कळलं.

मी आता अकरावीला आहे, मैत्रिणी बारावीला. ते वर्ष इथल्या शाळेत धरलं नाही, ज्यांना मुलं पाठवायची असतील त्यांनी हे आधी विचारून घ्या. कर्जाचे सात हप्ते राहिलेत. सुट्टीत मी गटाची वही लिहिते, आणि परवा त्याच काकू घरी आल्या होत्या. नात आठवीत आहे, फॉर्म कधी निघतो म्हणून विचारायला.